झिजणारीं चाकें आणि ओढ्यांतील मासे

जें चाक फिरतें तें झिजतें. पूर्वीं बैलगाडीच्या चाकावर लोहार जी लोखंडी धांव चढवीत असे तीहि झिजत असे. तिचा चुरा वाटेवरच्या मातींत मिसळून जाई, आणि त्यानें कोणाचें कांहीं बिघडल्याचें ऐकिवांत नाहीं. मोटारीच्या चाकाची धांव रबराची असते. झिजण्याचा नियम मात्र तिलाहि चुकत नाहीं. नव्या टायरावरील खोल खांचा कांहीं वर्षांत उथळ होतात, हें मोटार बाळगणाऱ्या प्रत्येक गृहस्थाला ठाऊक असतें. त्या खांचांच्या कडेचें रबर गेलें कोठें, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. जुना टायर काढून नवा चढविला, दुकानदाराचें बिल चुकतें केलें, कीं तो विषय संपला असें मानण्याची रीत आहे.

जर्मनींतील एडीएसी या मोटारचालकांच्या संघानें २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या मोजमापाप्रमाणें साधारण मोटारीचे चारी टायर मिळून दर हजार किलोमीटरांस सरासरीनें सुमारें १२० ग्रॅम झिजतात. वर्षाकांठीं दहा हजार किलोमीटर धांवणारी मोटार म्हणजे वर्षास सव्वा किलोच्या आंतबाहेर रबराची पूड रस्त्यावर पेरीत जाते. जगांतील सर्व वाहनांचा असाच हिशेब २०१७ सालीं कांहीं संशोधकांनीं मांडला. दर माणशीं दर वर्षीं सरासरी ०.८१ किलो पूड पडते, असा त्यांचा अंदाज होता. अमेरिकेंत हें प्रमाण ४.७ किलो निघालें, तर भारतांत ०.२३ किलो. ही पूड इतकी बारीक असते कीं ती सहसा डोळ्यांना दिसत नाहीं. तिचा अल्पसा भाग हवेंत तरंगतो, बराचसा रस्त्याच्या कडेच्या मातींत राहतो, आणि उरलेला पाऊस पडला कीं गटारांतून ओढ्यांना, नद्यांना व खाड्यांना जाऊन मिळतो.

या पुडींत नुसतें रबर असतें तर गोष्ट वेगळी होती. परंतु टायर ही अनेक द्रव्यांच्या मिश्रणानें सिद्ध होणारी वस्तु आहे, आणि त्यांतील एका द्रव्यापायीं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जें घडलें तें ऐकण्यासारखें आहे.

त्या देशाच्या वायव्य कोपऱ्यांत वॉशिंग्टन नांवाचें राज्य आहे. तेथें प्युजेट साउंड या नांवाचा समुद्राचा एक लांबलचक फांटा जमिनींत शिरला असून त्याच्या कांठीं सिॲटल हें मोठें शहर वसलें आहे. या प्रदेशांतील लहानमोठ्या ओढ्यांत ‘कोहो’ जातीचे सॅमन मासे जन्म घेतात. या माशाचा जीवनक्रम मोठा विलक्षण आहे. ओढ्यांत अंड्यांतून बाहेर पडलेलें पिलूं वर्षभर गोड्या पाण्यांत वाढतें, मग समुद्रांत जातें, तेथें सुमारें दीड वर्ष राहून पुष्ट होतें, आणि तिसऱ्या वर्षीं शरद ऋतूंतील पाऊस सुरू होतांच बहुधा आपल्याच जन्माच्या ओढ्याकडे परततें. तेथें मादी अंडीं घालते आणि थोड्याच दिवसांत ते मासे मरतात. अंडीं घालण्याची ही संधि त्यांना आयुष्यांत एकदांच लाभते.

सिॲटल शहरांतील घाणेरडे झालेले ओढे स्वच्छ करून तेथें सॅमन परत आणावे, म्हणून १९९० नंतरच्या दशकांत बरेच प्रयत्न झाले. ओढ्यांचे कांठ सुधारले, झाडें लावलीं, अडथळे दूर केले. मासे परत आलेहि. परंतु पाहणी करणाऱ्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. पाऊस पडून गेला कीं धडधाकट दिसणारे कोहो मासे पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझांप करीत, दिशाभूल झाल्याप्रमाणें गोल गोल फिरत, कुशीवर कलंडत आणि कांहीं तासांत मरून जात. मेलेल्या मादीचें पोट चिरून पाहावें तों अंडीं जशींच्या तशीं भरलेलीं. कांहीं ओढ्यांत परत आलेल्या माशांपैकीं शेंकडा ४० ते ९० मासे असे वीण न होतांच मरत. ज्या ओढ्यांच्या परिसरांत रस्ते व रहदारी अधिक, तेथें मरण अधिक, एवढी संगति लागली. कारण मात्र सांपडेना. पाण्यांतील प्राणवायु, उष्णता, रोग, कीटकनाशकें, तांबें व इतर धातु, या सर्वांवर क्रमानें संशय घेतला गेला आणि क्रमानें तो फिटला.

कारण शोधण्याचें काम वॉशिंग्टन विद्यापीठाच्या टॅकोमा येथील शाखेंतील एडवर्ड कोलोद्झिए व झेन्यू तियान आणि वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठांतील जेनिफर मॅकिन्टायर या शास्त्रज्ञांनीं आपल्या सहकाऱ्यांसह चालविलें. रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्यांत मोटारीपासून काय काय उतरतें याची त्यांनीं एकेक परीक्षा घेतली. टायराचा कीस करून तो पाण्यांत भिजविला आणि त्या पाण्यांत मासे सोडले, तों ते मेले. गुन्हेगार टायरांत दडला आहे एवढें ठरलें. परंतु त्या पाण्यांत दोन हजारांहून अधिक रसायनें होतीं. त्यांचे गुणधर्मांप्रमाणें गट पाडावे, प्रत्येक गटाची माशांवर परीक्षा घ्यावी, जो गट मारक ठरेल त्याचेच पुन्हां लहान गट पाडावे, अशी चाळण लावीत लावीत अखेर एकच पदार्थ हातीं उरला. त्याच्या अणूंची मोजदाद झाली: कार्बनचे १८, हायड्रोजनचे २२, नायट्रोजनचे २ आणि प्राणवायूचे २. असा पदार्थ टायराच्या घटकांच्या कोणत्याहि यादींत नव्हता.

या कोड्याचा उलगडा एका साध्या वजाबाकी-बेरजेनें झाला. टायरांत ‘६-पीपीडी’ या आंखूड नांवानें ओळखलें जाणारें एक रसायन घालतात. त्यांत कार्बन १८ व नायट्रोजन २ असेच आहेत. हायड्रोजन मात्र २४ असून प्राणवायु मुळींच नाहीं. त्यांतून हायड्रोजनचे दोन अणु काढून प्राणवायूचे दोन घातले कीं तो अनोळखी पदार्थ तयार होतो. प्रयोगशाळेंत ६-पीपीडीवर ओझोन वायु सोडतांच तोच पदार्थ खरोखर निर्माण झाला. त्याचें नांव ६-पीपीडी-क्विनोन. हा शोध डिसेंबर २०२० मध्यें ‘सायन्स’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. पुढें शुद्ध नमुना हातीं आल्यावर केलेल्या मोजणींत, लिटरमागें सुमारें ९५ नॅनोग्रॅम इतकें अत्यल्प प्रमाणहि निम्मे कोहो मासे मारण्यास पुरतें असें दिसून आलें. हें प्रमाण ध्यानांत यावें म्हणून असें सांगतां येईल कीं, दहा हजार लिटरांचा एक, असे पाण्याचे एक हजार टँकर भरावे आणि त्या सर्वांत मिळून या विषाचा एक ग्रॅम विरघळवावा.

येथें साहजिक प्रश्न येतो कीं असलें द्रव्य टायरांत घालावयाचें तरी कशासाठीं? त्याचें उत्तर रबराच्या स्वभावांत आहे. कच्चें रबर उन्हाळ्यांत चिकट आणि थंडींत ठिसूळ होतें. १८३९ सालीं चार्ल्स गुडइयर या अमेरिकन गृहस्थानें गंधकासह रबर तापवून तें टिकाऊ करण्याची युक्ति शोधली. १८८८ सालीं बेलफास्ट येथें डनलॉप या पशुवैद्यानें हवा भरलेला टायर व्यवहारांत आणला. पुढें रबरांत काजळी मिसळल्यानें तें झिजण्यास कितीतरी पटीनें चिवट होतें असें आढळलें, आणि तेव्हांपासून टायरानें आपला काळा रंग धारण केला. दुसऱ्या महायुद्धांत मलाया जपानच्या हातीं गेल्यावर अमेरिकेनें कृत्रिम रबराचे कारखाने उभारले. अशा रीतीनें टायर पायरीपायरीनें सुधारत गेला. परंतु एक वैगुण्य उरलें.

रबराचा रेणु म्हणजे कार्बनच्या अणूंची लांबलचक सांखळी होय. या सांखळींत ठिकठिकाणीं दुहेरी कड्या असतात. त्यांपैकीं थोड्याच कड्या गंधकाच्या बांधणींत खर्ची पडतात. बाकीच्या तशाच मोकळ्या राहतात. हवेंत जमिनीलगत ओझोन वायूचा अल्प अंश असतो, शहरांच्या धुरकट हवेंत तर अधिकच. आणि हा वायु नेमका त्या दुहेरी कड्यांवर घाला घालून सांखळी तोडतो. ताणलेल्या रबरावर मग बारीक भेगा पडतात, त्या वाढतात आणि टायर फुटण्याची वेळ येते. उभ्या गाडीच्या टायरावर मेणाचा पातळ थर संरक्षण देतो, परंतु धांवत्या चाकाचें रबर प्रत्येक फेऱ्यास वांकतें व सरळ होतें, त्यामुळें मेण तडकतें. म्हणून असा एक राखणदार हवा असतो कीं जो रबराच्या पोटांतून हळुहळू पृष्ठभागीं येत राहील आणि रबराच्या आधीं स्वतःच ओझोनाच्या अंगावर जाईल. ६-पीपीडी हें काम चोख बजावतें. १९६० नंतरच्या दशकापासून त्याचा प्रसार झाला, आणि आज टायराच्या वजनाच्या शेंकडा एकाच्या आसपास तें असतें. राखणदार कामीं येतो आणि त्याच्या देहाचें क्विनोन होतें. म्हणजे जी क्रिया टायराला वांचविते तीच माशाला मारते. सगळी अडचण येथें आहे.

हें द्रव्य एकदम बंद करावें, असें म्हणणें सोपें आहे. पण मोठ्या वेगानें धांवणाऱ्या गाडीचा टायर फुटला तर त्यांतील माणसांचे प्राण जातात. म्हणून पर्याय असा हवा कीं तो माशालाहि न मारील आणि माणसालाहि. त्या दिशेनें चाललेल्या विचारांचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग राखणदार बदलण्याचा. ६-पीपीडीच्या कुळांत इतर कांहीं रसायनें आहेत. परंतु त्याच कुळांतील भावंडें ओझोनाशीं गांठ पडतांच आपापलीं क्विनोनें निर्माण करतात. त्यामुळें एकाच्या जागीं दुसरें बसविलें म्हणजे काम झालें असें होत नाहीं. नवें द्रव्य स्वतः निरुपद्रवी आहे काय, एवढीच परीक्षा पुरेशी नसून हवापाण्यांत त्याचें पुढें काय होतें, हें तपासणें अगत्याचें झालें आहे. ६-पीपीडीच्या इतिहासानें दिलेला मुख्य धडा हाच, कीं वस्तूची परीक्षा तिच्या जन्मकाळच्या रूपावरून न करतां तिच्या अंतकाळच्या रूपावरूनहि करावी लागते.

दुसरा मार्ग राखणदाराची गरजच कमी करण्याचा. ज्या रबराच्या मुख्य सांखळींत दुहेरी कड्याच नाहींत त्यावर ओझोनाचें कांहीं चालत नाहीं. ईपीडीएम नांवाचें कृत्रिम रबर असें आहे. मोटारीच्या दारांच्या कडेस पाऊस आंत येऊं नये म्हणून ज्या पट्ट्या लावतात त्या बहुधा याच्याच असतात. टायराच्या बाजूच्या भिंतींत हें रबर मिसळण्याचे प्रयोग पुष्कळ झाले आहेत. अडचण अशी कीं तें नेहमींच्या रबराशीं नीट सांधत नाहीं, आणि ज्याचे थर एकमेकांस सोडतील तो टायर भरंवशाचा नव्हे. तरीहि ही दिशा मुळावर घाव घालणारी असल्यानें तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाहीं.

तिसरा मार्ग झीज कमी करण्याचा. पूडच कमी पडली तर तिच्यांतील क्विनोन, जस्त आणि इतर द्रव्यें या सर्वांचाच उपसर्ग एकदम घटतो. परंतु टायर घडविणाऱ्यांपुढें एक जुना त्रिकोण उभा असतो. टायर सहज लोटला जावा म्हणजे इंधन कमी लागतें, ओल्या रस्त्यावर त्याची पकड घट्ट असावी म्हणजे अपघात टळतात, आणि तो चिवट असावा म्हणजे झीज कमी होते. यांपैकीं एक गुण वाढवावा तों दुसरा घटूं लागतो. १९९० नंतरच्या दशकांत काजळीच्या जोडीला सिलिका, म्हणजे वाळूच्याच जातीचें अतिसूक्ष्म चूर्ण, वापरण्याची पद्धति आली आणि पकड न गमावतां इंधनाची बचत साधूं लागली. त्रिकोणाच्या दोन बाजू अशा सांभाळल्या गेल्या. तिसऱ्या बाजूकडे, म्हणजे झिजेकडे, आतां लक्ष वळलें आहे. एकाच मापाच्या निरनिराळ्या बनावटींच्या झिजेंत बराच फरक आढळतो, यावरून सुधारणेला वाव आहे हें उघड होतें. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बाबतींत हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. कारण त्या धूर सोडीत नसल्या तरी बॅटरीमुळें वजनदार असतात, आणि वजन वाढलें कीं झीज वाढते.

या ठिकाणीं एका गोड गैरसमजाचा निरास केलेला बरा. टायर ‘नैसर्गिक’ पदार्थांचा केला कीं तो निर्विष होईल, असें पुष्कळांस वाटतें. रशियन डँडेलायन या फुलझाडाच्या मुळांतून आणि मेक्सिकोंतील ग्वायूल नांवाच्या झुडुपापासून रबर काढण्याचे यशस्वी प्रयत्न झाले आहेत. भाताच्या तुसाच्या राखेपासून सिलिका करून ती टायरांत घालण्यांतहि येते. हे उपक्रम स्तुत्य आहेत. त्यांनीं खनिज तेलावरील भार कमी होतो आणि टाकाऊ तुसाचा उपयोग होतो. परंतु झाडाच्या रबरांतहि दुहेरी कड्या असतातच, आणि ओझोनापासून बचाव करण्यासाठीं त्यालाहि राखणदार लागतोच. कच्चा माल शेतांतून आला एवढ्यानें ओढ्यांतील मासा वांचत नाहीं.

कारखानदारांकडून सुधारणा होण्यास कायद्याचा रेटा लागतो, हें या धंद्यांत पूर्वींहि दिसून आलें आहे. टायर मऊ राखण्यासाठीं वापरण्यांत येणाऱ्या कांहीं तेलांत कर्करोगास कारण होणारीं द्रव्यें असत. युरोपीय संघानें २०१० च्या आरंभापासून त्यांवर कडक मर्यादा घातली. कारखान्यांनीं दुसरीं तेलें शोधलीं आणि चाकें पूर्वींप्रमाणेंच फिरत राहिलीं. ६-पीपीडीच्या बाबतींत कॅलिफोर्निया राज्यानें १ ऑक्टोबर २०२३ पासून असा नियम लागू केला कीं हें द्रव्य घातलेले टायर विकणाऱ्या उत्पादकांनीं त्यास पर्याय काय, याचें रीतसर संशोधन करून तें सादर करावें. त्याच वर्षीं यूरोक, पोर्ट गॅम्बल स्क्लॅलम आणि प्युअलप या तीन मूलनिवासी जमातींनीं अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण खात्याकडे अर्ज केला, आणि खात्यानें नोव्हेंबरमध्यें तो मान्य करून नियम करण्याच्या कामास हात घातला. या जमातींना सॅमन हा केवळ जेवणांतील पदार्थ नाहीं. त्यांचे सण, विधि आणि उपजीविका त्यावर उभीं आहेत. वॉशिंग्टन राज्यांतील जमातींना तर १८५४ व १८५५ सालच्या तहांनीं आपल्या पूर्वापार जागीं मासे धरण्याचा हक्क राखून दिला आहे. ओढ्यांत मासाच उरला नाहीं तर तहांतील तो शब्द पोकळ ठरतो. युरोपीय संघानें २०२४ सालीं संमत केलेल्या ‘युरो ७’ या नियमावलींत टायरांच्या झिजेवरहि मर्यादा घालण्याचें ठरविलें. तोंपर्यंत अशा नियमांची नजर मुख्यतः धुरावरच असे.

नवा टायर बाजारांत येऊन जुने नाहींसे होईपर्यंत काळ लोटेल. त्या मधल्या काळासाठीं एक उपाय हाताशीं आहे, आणि तो अगदीं साधा आहे. रस्त्यावरचें पाणी थेट ओढ्यांत न सोडतां वाळू व कंपोस्ट खत यांच्या थरांतून झिरपूं द्यावें. वॉशिंग्टन राज्यांतील प्रयोगांत रस्त्याच्या कच्च्या पाण्यांत सोडलेले सर्व कोहो मासे मेले. तेंच पाणी अशा थरांतून गाळून घेतल्यावर मासे जगले. रस्त्याकांठीं असे मातीचे खोलगट वाफे करून त्यांत झाडें लावण्याची पद्धति तेथील शहरांत रूढ होत आहे. अर्थात् गाळणी हा उपचार आहे. रोगाचें मूळ टायराच्या घडणींतच आहे.

महाराष्ट्रांतील वाचकाला या सर्वांशीं कर्तव्य काय, असा प्रश्न पडणें शक्य आहे. कोहो मासा आपल्या नद्यांत नाहीं. शिवाय या विषाचा प्रभाव जातींजातींवर फार निरनिराळा आहे. कोहोचाच भाऊबंद जो ‘चम’ सॅमन, त्याला त्याच पाण्यांत कांहीं होत नाहीं. म्हणून उगाच घाबरून जाण्याचें कारण नाहीं. परंतु काश्मीर व हिमाचल प्रदेशांत पाळण्यांत येणारा रेनबो ट्राउट मासा या विषास बळी पडणाऱ्यांपैकीं आहे, हें प्रयोगांनीं दाखविलें आहे. शिवाय टायरांत घालावयाच्या राखणदाराची रीत सगळ्या जगांत सारखीच आहे. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर आठ महिने साठलेली पूड मृगाच्या पहिल्या सरींबरोबर एकदम वाहून जाते. ती नाल्यांत, मुळा-मुठेंत आणि खाड्यांत जाऊन कोणत्या जीवावर काय परिणाम करते, याचा शोध येथील प्रयोगशाळांनीं घेणें योग्य होईल. सिॲटलला जें कळलें तें ओढ्याकांठीं उभे राहून मेलेले मासे मोजणाऱ्या लोकांच्या चिकाटीमुळें कळलें.

तोंपर्यंत मोटार बाळगणाऱ्या कुटुंबाला कांहीं गोष्टी सहज करतां येण्याजोग्या आहेत. टायरांतील हवा ठरल्या प्रमाणांत ठेवावी, चाकांची अलाइनमेंट वेळच्या वेळीं तपासून घ्यावी, गाडी एकदम पळवूं नये व एकदम ब्रेक दाबूं नये. यानें झीज घटते आणि पैसाहि वांचतो. जुना टायर शेकोटींत जाळूं नये. त्याचा धूर अनेक विषांनीं भरलेला असतो. आणि नवा टायर घेतांना किंमत व पकड यांबरोबरच तो किती झिजतो, हेंहि दुकानदारास विचारावें. गिऱ्हाईक जें विचारूं लागतें तें कारखानदाराला आज ना उद्यां मोजावें लागतें.